परिघीय न्यूरोपॅथी आणि तिची बदलती लक्षणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात राहून गेली अकरा वर्षे मी हा आजार सोबत घेऊन वावरते आहे. मला मधुमेह आहे आणि मध्यंतरी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही निघाली होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत, सोसायटीच्या बाकावर किंवा फोनवर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. कोणते औषध घ्यावे, किती घ्यावे आणि केव्हा थांबवावे हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. परंतु लक्षणे बदलली की त्या बदलाचा अर्थ कसा लावायचा, हे रुग्णाला स्वतःला कळले पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण बदल घडतो तेव्हा डॉक्टर समोर नसतात.

परिघीय न्यूरोपॅथी म्हणजे नेमके काय?

मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांच्या बाहेर सर्व शरीरभर पसरलेल्या नसांना इजा झाली, की त्या अवस्थेला परिघीय न्यूरोपॅथी म्हणतात. या नसांमध्ये तीन प्रकारचे तंतू असतात. काही स्पर्श, वेदना, उष्णता आणि सांध्यांची स्थिती यांची खबर वर पोहोचवतात, काही स्नायूंना हालचालीचा हुकूम देतात आणि काही घाम, रक्तदाब, पचन, लघवी अशी आपल्या नकळत चालणारी कामे सांभाळतात. कोणते तंतू किती बिघडले यावर कोणाला आग होते, कोणाचा पाय लुळा पडतो आणि कोणाला उठताना चक्कर येते हे ठरते.

सुरुवात बहुधा पायाच्या बोटांपासून का होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. कण्याजवळच्या पेशीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो आणि त्याच्या टोकापर्यंतची सगळी रसद त्या एका पेशीलाच पुरवावी लागते. पुरवठा कमी पडू लागला की सर्वांत लांबचे टोक आधी सुकते. म्हणूनच बधिरपणा मोजा चढवल्यासारखा बोटांपासून वर सरकतो आणि तो गुडघ्याच्या आसपास पोहोचला की बऱ्याचदा हाताच्या बोटांची टोकेही बधिर होऊ लागतात.

आजार एकच असताना लक्षणे रोज वेगळी का असतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. काल मुंग्या होत्या, आज जळजळ आहे, परवा वीज चमकून गेल्यासारखी कळ आली आणि मधले दोन दिवस काहीच नव्हते, असे ऐकले की घरच्यांना वाटते की हा माणूस काहीतरी मनाचे सांगतो आहे. वास्तविक इजा झालेली नस स्वस्थ बसत नाही. स्पर्श झालेला नसतानाही ती आपणहून संदेश सोडते आणि मेंदू त्या संदेशांचा जमेल तसा अर्थ लावतो. त्यातून मुंग्या, सुया टोचणे, आग, गारठा किंवा पायाला काहीतरी चिकटले आहे असा भास निर्माण होतो. कित्येकांना पातळ चादरीचा स्पर्शही सहन होत नाही आणि त्याच पायाला खडा टोचला तर कळत नाही. ऐकायला हे उलटेपालटे वाटते, पण दोन्ही गोष्टी एकाच पायात नांदू शकतात, कारण बारीक तंतू आणि जाड तंतू यांची इजा सारखी नसते.

दिवसागणिक होणाऱ्या चढउतारांची कारणे बरीचशी साधी असतात. रक्तातील साखर फार वरखाली झाली, झोप झाली नाही, ताप आला, पाय दिवसभर बंद बुटात राहिले, दिवसभर उभे राहावे लागले किंवा मद्य घेतले, तर त्रास वाढतो. रात्री तो वाढण्याचे एक कारण असे, की दिवसा कामात गुंतलेल्या मनाला रात्री दुसरे काही ऐकायला नसते. शिवाय पांघरुणाचा स्पर्श आणि पायांचे बदलते तापमान यांचीही भर पडते.

मी माझी नोंद कालनिर्णयच्या पानावर ठेवते. दुधाच्या हिशेबाशेजारी तारखेच्या चौकोनात मी रोज रात्री दोनच गोष्टी लिहिते. आग किती, याला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा, आणि बधिरपणा कुठपर्यंत आला, याला एक शब्द : ‘बोटे’, ‘चवडा’, ‘घोटा’. वर्षभराची पाने एकापुढे एक ठेवली तेव्हा मला दिसले की आगीचा आकडा लाटेसारखा वरखाली होत होता, पण दुसरा शब्द ‘बोटे’वरून ‘चवडा’वर गेला तो परत आला नाही. रोजचा चढउतार आणि आजाराची खरी वाटचाल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या पानांनी शिकवले.

वेदना कमी झाली, म्हणजे आजार बरा होत आहे असे समजावे का?

तसे लगेच समजू नये. वेदना दोन कारणांनी कमी होते. एक तर नस सावरत असते किंवा औषध लागू पडलेले असते, नाही तर नस इतकी निकामी झालेली असते की तिच्यात ओरडण्याचीही ताकद उरलेली नसते. बाहेरून दोन्हींचे सुख सारखेच वाटते.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या तळपायांची आग हळूहळू थांबली. ‘देव पावला’ असे मी बहिणीला फोन करून सांगितले आणि डॉक्टरांकडची तारीख पुढे ढकलली. जूनमध्ये एका संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारून घरी आले, दाराशी चपला काढल्या, ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायले आणि मागे वळून पाहिले तर पांढऱ्या लादीवर दारापासून ओट्यापर्यंत एकाआड एक पावलाला एक लाल ठिपका होता. देव्हाऱ्यातले कुंकू सांडले असावे असे वाटून मी फडके घेऊन पुसायलाही वाकले. फडक्याला ओल लागली तेव्हा पाय उचलून पाहिला. चप्पल उलटी केली तेव्हा तळातून वर आलेला गंजका खिळा दिसला. तलावपाळीची, म्हणजे मसुंदा तलावाची, अख्खी प्रदक्षिणा मी त्या खिळ्यावर चालून पूर्ण केली होती आणि मला काहीही कळले नव्हते. ती जखम भरायला सात आठवडे लागले.

म्हणून आग कमी झाली की त्याच आठवड्यात पायाची जाणीव तपासून घ्यावी. डॉक्टर १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, तळपायावर टेकवून विचारतात, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का ते पाहतात आणि घोट्याच्या शिरेवर हातोडीने हलकेच ठोकून प्रतिक्षिप्त क्रिया बघतात. पाच मिनिटांच्या या तपासणीला कोणतेही मोठे यंत्र लागत नाही. आग कमी आणि जाणीव टिकून असेल तर ती खरोखर चांगली बातमी आहे. आग कमी आणि जाणीवही कमी असेल, तर त्या दिवसापासून पायांची राखण डोळ्यांनी करायची आहे.

उपचार सुरू झाल्यावर त्रास उलट वाढला. औषध थांबवावे का?

स्वतःच्या मनाने थांबवू नये, कारण वाढलेला त्रासही नेहमी वाईट बातमी घेऊन येत नाही. बी-१२ भरून निघाल्यावर किंवा कारण दूर झाल्यावर तंतू पुन्हा वाढू लागतात तेव्हा काही काळ मुंग्या आणि कळा वाढू शकतात. ही वाढ फार सावकाश, साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर या गतीने होते आणि इजा खोलवरची असेल तर तीही पूर्ण होत नाही. हा हिशेब मनात ठेवला तर पंधरा दिवसांत फरक का पडला नाही, हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

मधुमेहींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. बराच काळ खूप वाढलेली साखर अतिशय वेगाने खाली आणली, उदाहरणार्थ एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, तीन महिन्यांत दोन अंकांहून अधिक उतरवला, तर काही रुग्णांना तीव्र जळजळ सुरू होते आणि ती महिनोन्महिने राहू शकते. याचा अर्थ साखर वाढलेलीच ठेवावी असा मुळीच नाही. ती किती वेगाने उतरवायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, एवढाच अर्थ आहे.

केमोथेरपी घेतलेल्यांचा अनुभव वेगळा असतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात उपचार घेतलेल्या ओळखीच्या एक ताई फार घाबरून गेल्या होत्या, कारण केमोथेरपी संपल्यानंतर त्यांचा बधिरपणा वाढू लागला होता. सिसप्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारख्या प्लॅटिनमयुक्त औषधांनंतर असे घडते. औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने लक्षणे वाढत राहू शकतात आणि त्यानंतर ती स्थिरावतात किंवा हळूहळू ओसरतात. ऑक्सॅलिप्लॅटिन घेत असताना फ्रिजमधील बाटलीला हात लावला तरी झिणझिण्या येतात, हेही त्या औषधाचेच लक्षण आहे. उपचार चालू असताना बोटे बधिर होऊ लागली तर पुढच्या डोसची वाट न पाहता सांगावे. डोस बदलण्याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

मला मधुमेह नाही. तरीही हा आजार कसा झाला?

मधुमेह हे सर्वांत मोठे कारण असले तरी ते एकमेव नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे काम मंदावणे, मूत्रपिंडाचा आजार, दीर्घकाळचे मद्यपान, एचआयव्ही, काही स्वप्रतिकार आजार (ज्यांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते), आनुवंशिक न्यूरोपॅथी आणि काही औषधे, अशी यादी लांब आहे. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे नसांना त्रास होऊ नये म्हणून सोबत बी-६ दिले जाते, परंतु तेच बी-६ मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ घेतले तर स्वतःच न्यूरोपॅथी घडवते. त्यामुळे ‘नसांची ताकद’ म्हणून औषधांच्या दुकानातून मनाने आणलेल्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊ नयेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आपण कोणते द्रावक, गोंद किंवा धातू हाताळतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण शिसे आणि एन-हेक्झेन यांमुळेही नसा बिघडतात.

कुष्ठरोगाचे नाव घ्यायला लोक आजही कचरतात, पण अंगावर जाणीव नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा असेल, किंवा कोपराजवळची नस जाड व दुखरी लागत असेल, तर ती तपासणी लाज न बाळगता करून घ्यावी. बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो आणि वेळेत मिळाला तर हातापायांचे व्यंग टळते.

बी-१२ बद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझे त्यात नुकसान झाले आहे. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळते. पूर्ण शाकाहारी आणि दूधदुभतेही बेताचे घेणाऱ्या घरांत त्याची कमतरता सहज होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होऊ शकते. मी शाकाहारी होते आणि मेटफॉर्मिनही घेत होते. तरीही ज्या दवाखान्यात मी जात असे तेथे पाच वर्षे ‘वय झाले, शुगर आहे, मुंग्या येणारच’ एवढेच उत्तर मिळाले आणि रक्ताची ती एक तपासणी कोणी लिहून दिली नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी ती केली, इंजेक्शने सुरू झाली आणि हातांचा बधिरपणा काही महिन्यांत गेला. पायांचा गेला नाही. मधुमेह आहे म्हणून दुसरे कारण नसेलच, असे कृपया कोणीही धरून चालू नये.

एनसीव्ही तपासणी नॉर्मल आली. मग हा त्रास मानसिक आहे का?

नाही. नसांतून विजेचा संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी एनसीव्ही तपासणी प्रामुख्याने जाड तंतूंची स्थिती दाखवते. वेदना आणि उष्णता यांची खबर नेणारे बारीक तंतू तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे फक्त बारीक तंतू बिघडले असतील तर तळपायांची आग होत असतानाही अहवाल नॉर्मल येतो. अशा वेळी गरज वाटल्यास न्यूरॉलॉजिस्ट त्वचेचा बारीक तुकडा घेऊन तपासण्याचा सल्ला देऊ शकतात.

वेदनेवरील औषधे किती दिवसांत लागू पडतात?

प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन आणि नॉर्ट्रिप्टिलिन ही औषधे नसांचे अनावश्यक संदेश शांत करतात. ती नस दुरुस्त करत नाहीत, हे स्पष्ट समजून घ्यावे. ती थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात आणि खरा परिणाम कळायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला झापड, तोंडाला कोरड, चक्कर, पायांवर सूज असे त्रास होऊ शकतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर प्रीगाबालिन आणि गाबापेंटिनची मात्रा कमी करावी लागते. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिनपूर्वी तो सांगावा लागतो. डॉक्टरांना न विचारता यांपैकी कोणतेही औषध एकदम बंद करू नये.

आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या वेदनेवर फारसा उपयोग होत नाही आणि मधुमेहींच्या मूत्रपिंडांना त्या महागात पडू शकतात. ‘गोळी घेतली तरी दुखते, म्हणून दोन घेतल्या’ असे सांगणारी माणसे मला दर महिन्याला भेटतात आणि दर वेळी काळजी वाटते.

रात्री तळपायांची आग झोपू देत नाही. घरच्या घरी काय करता येईल?

झोपण्यापूर्वी साध्या नळाच्या पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पंख्याखाली बसावे. बर्फ थेट लावू नये, बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवू नयेत. बधिर त्वचेला गारठ्याने झालेली इजाही कळत नाही. चादरीचा स्पर्श सहन होत नसेल तर पायथ्याशी उशी किंवा पाट उभा करून चादर त्यावरून सोडावी.

काशाच्या वाटीने तळपाय घासण्याबद्दल खूप विचारणा होते. आमच्या घरी आजीच्या वेळेपासून ती वाटी आहे आणि मीही ती वापरते. हलक्या हाताने तूप लावून दहा मिनिटे घासल्यास बरे वाटते, पण त्याने नस दुरुस्त होत नाही. कातडी फाटलेली, भेगाळलेली किंवा फोड आलेली असेल तर वाटी लावू नये, जोर देऊन घासू नये आणि तूप पूर्ण पुसल्याशिवाय लादीवर पाय ठेवू नये.

गरम पाण्याची पिशवी आणि शेक मात्र बधिर पायांना वर्ज्य समजावा. अभ्यंगस्नानाच्या पहाटे कढत पाण्यात पाय घालून भाजून घेतलेले रुग्ण दरवर्षी दिसतात. पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये, कोपराने घ्यावा. हातही बधिर असतील तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावे.

पावसाळ्यात पायांची काळजी कशी घ्यावी?

आपल्याकडचे चार महिने पायांसाठी सर्वांत कठीण असतात. पाय ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या खाजतही नाहीत कारण जाणीवच नसते, आणि तेथून जंतू आत शिरतात. घरी आल्यावर पाय धुऊन प्रत्येक बेचकी मऊ फडक्याने टिपावी. पायांना मॉइश्चरायझर लावावे, बेचक्यांत लावू नये. रोज एकाच वेळी चांगल्या उजेडात दोन्ही तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे किंवा मोबाइलने फोटो काढावा.

साचलेल्या पाण्यातून उघड्या पायांनी चालू नये. तसे चालावे लागले आणि पायाला लहानशी जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर व इतर जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका लक्षात घेऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटावे.

कुरूप किंवा घट्टा घरी ब्लेडने कापू नये, त्यावर कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपावर लावायची औषधी पट्टीही, लावू नये, कारण तिच्यातील आम्ल चांगली कातडीही खाते. चपला संध्याकाळी विकत घ्याव्यात, कारण दिवसाअखेर पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्याच्या चपला पायातून निसटून मागे राहतात आणि कळत नाही. ठाणे स्टेशनच्या पुलावर माझी अशी एक चप्पल हरवली आहे आणि मी दहा-बारा पायऱ्या एका अनवाणी पायाने उतरले होते. त्यामुळे मागे पट्टा असलेले सँडल घ्यावेत. मधुमेही पायांसाठी मऊ, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाच्या एमसीआर चपलाही मिळतात. कोणतेही पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. खिळ्याचा प्रसंग घडल्यापासून मी चपलेचा तळही उलटा करून पाहते.

देवळात, प्रदक्षिणेला किंवा नवरात्रात अनवाणी चालले तर चालेल का?

ज्यांची जाणीव गेली आहे त्यांनी अनवाणी चालू नये. मे महिन्यात दुपारी देवळाच्या आवारातील फरशी पायांना फोड येतील इतकी तापते आणि बधिर पायाला तो चटका संध्याकाळपर्यंत समजत नाही. नवरात्रातील नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत कित्येकींनी वर्षानुवर्षे पाळलेले असते आणि ते सोडणे जिवावर येते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मी ते व्रत सोडले आणि त्याऐवजी नऊ दिवस पोथीचे वाचन धरले. कौपीनेश्वराच्या दर्शनाला मी सकाळी लवकर जाते, फरशी गार असते तेव्हा, आणि परतल्यावर पाय पाहते. आवारात मोजे चालत असतील तर जाड सुती मोजे घालावेत.

लोकलने प्रवास करताना आणि अंधारात तोल जातो. का?

पाय कुठे टेकला आहे ही खबर जाड तंतू देतात. ती खबर थांबली की मेंदू डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळतो. त्यामुळे बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की माणूस पुढे झुकतो आणि दिवे गेले की भिंत शोधतो. ही दोन चिन्हे दिसली तर ती डॉक्टरांना सांगावीत. गर्दीत आपले पाऊल दिसत नाही, म्हणून फलाट आणि डबा यांमधील फट सर्वांत धोक्याची ठरते. शक्य असेल तर गर्दीची वेळ टाळावी, उतरताना आधी खांब पकडावा, मग खाली पाहून पाऊल टाकावे. घरी न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्री मंद दिवा असावा. फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे व्यायाम शिकून घ्यावेत. ओट्याला धरून टाचा वर उचलणे आणि एका रेषेत चालणे या साध्या व्यायामांचा मला काठीपेक्षाही अधिक उपयोग झाला. काठी वापरण्यात मात्र कमीपणा मानू नये.

दुचाकी किंवा मोटार चालवावी का?

ब्रेकवर पाय किती दाबला गेला हे न पाहता कळत नसेल, तर चालवू नये.

उठताना चक्कर येते, पोट भरल्यासारखे राहते. हेही याच आजारामुळे होते का?

होऊ शकते. आपोआप चालणारी कामे सांभाळणारे तंतू बिघडले की उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो, जठर सावकाश रिकामे होते, बद्धकोष्ठ किंवा रात्रीचे जुलाब होतात, पायांचा घाम आटून टाचा भेगाळतात, लघवी पूर्ण होत नाही आणि पुरुषांमध्ये लैंगिक दौर्बल्य येते. ही लक्षणे संकोचामुळे सांगितलीच जात नाहीत. रक्तदाब झोपून आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा मोजायला सांगावे. वरचा आकडा २० किंवा अधिक अंकांनी उतरत असेल तर औषधांची फेररचना करावी लागते. तोपर्यंत बिछान्यातून एकदम न उठता आधी काठावर बसावे आणि पोटऱ्या हलवून मग उभे राहावे.

कोणते बदल दिसल्यास वाट पाहू नये?

अशक्तपणा काही तासांत किंवा दिवसांत पायांकडून वर चढू लागला, श्वास घेताना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ज्या गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती नसांवरच हल्ला करते त्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले, त्याची सुरुवात अशीच होते आणि त्यावरील उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते. एका बाजूचा हात-पाय आणि चेहरा अचानक लुळा पडला तर तो पक्षाघात असू शकतो. बैठकीचा भाग बधिर होऊन लघवी किंवा शौचावरील ताबा गेला, तर मणक्यात दाब आल्याची शक्यता असते. या दोन्हींतही एक तास दवडू नये.

पायाची जखम काळी पडली, तिला वास आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी दाखवावे. जखम नसतानाही एक पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसले, मग ते दुखत नसले तरी, त्यावर चालणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. आतली हाडे मोडू लागल्याची ती खूण असू शकते आणि तिला शार्को फूट म्हणतात. न दुखणारी सूज म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि पाऊल कायमचे वाकडे होते.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगावे?

‘पाय दुखतात’ या दोन शब्दांत काहीच कळत नाही. कुठपर्यंत, केव्हापासून, दोन्ही पायांत सारखे की एकाच पायात, आग की मुंग्या की बधिरपणा की अशक्तपणा, रात्री किती वेळा जाग येते, चप्पल निसटते का, सदऱ्याची बटणे लावता येतात का, हे सांगावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत, काढे आणि चूर्णेही लपवू नयेत. गेल्या वेळेपेक्षा काय बदलले हे वाक्य आधी बोलावे. मी कालनिर्णयची तीन महिन्यांची पाने फाडून सोबत नेते आणि टेबलावर ठेवते. तपासणीच्या वेळी चपला-मोजे आपणहून काढून बसावे, म्हणजे घाईतही पाय पाहिले जातात.

घरच्यांना हा त्रास दिसत नाही. त्यांना कसे समजवावे?

सून, मुलगा, जोडीदार यांना एकदा आपल्यासोबत तपासणीला न्यावे. माझे यजमान बरीच वर्षे माझी तक्रार निमूटपणे ऐकून घेत, पण त्यांना ती पटत नसावी. एकदा डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगून माझ्या तळपायाला तो नायलॉनचा धागा दहा ठिकाणी टेकवला आणि जाणवल्यावर ‘हो’ म्हणा असे सांगितले. मी तीन वेळा ‘हो’ म्हटले. डोळे उघडले तेव्हा हे खुर्चीतून उठून माझ्या पायापाशी उभे होते. त्या दिवसापासून रात्री जेवण झाल्यावर विजेरी आणि चश्मा घेऊन तेच माझे तळपाय पाहतात. आधी उजवा, मग डावा, मग बेचक्या.